जागेवरून न हलता दोन लाख मीटर

जानेवारीतल्या पहाटे पावणेसहाला आमच्या सोसायटीच्या व्यायामशाळेत एकच आवाज असायचा. घूंऽऽ करत चढणारा, मग हळूहळू विरत जाणारा, पुन्हा चढणारा. सदुसष्ट वर्षांच्या मावशी रोइंग मशीनवर बसलेल्या असत. समोर भिंत, भिंतीवर कॅलेंडर. नदी नाही, नाव नाही, वल्हंही नाही. पंचेचाळीस मिनिटांनी त्या हातातली मूठ सोडत, तेव्हा छोट्या पडद्यावर आकडा दिसे: ७५०० मीटर. मशीन होतं तिथेच होतं, मावशीही होत्या तिथेच. तरी ते साडेसात हजार मीटर आमच्या संघाच्या खात्यावर जमा होत आणि लंडनला राहणाऱ्या आमच्या एका गड्याच्या मीटरांत जाऊन मिळत.

हे मीटर येतात कुठून? आणि पुण्यातल्या मावशींचे मीटर लंडनमधल्या गड्याच्या मीटरांत मिळवायचे, तर दोन्ही मीटर एकाच मापाचे आहेत याची खात्री कोण देतं? महिनाभर मी या प्रश्नांमागे होतो. जे उत्तर मिळालं ते मला आजही अद्भुत वाटतं.

आमच्या संघाने घेतलेलं आव्हान काय, ते आधी सांगतो. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातली ‘कन्सेप्ट टू’ ही कंपनी रोइंग मशीन बनवते. खेळाडू या मशीनला ‘एर्गोमीटर’ किंवा नुसतं ‘एर्गो’ म्हणतात. ग्रीक भाषेत ‘एर्गोन’ म्हणजे काम आणि ‘मेट्रोन’ म्हणजे माप, म्हणून हा कामाचा मापक. ही कंपनी वर्षभर निरनिराळी आव्हानं ठेवते, त्यातलं जानेवारीचं आव्हान संघांचं असतं. १ ते ३१ जानेवारी या काळात संघातल्या प्रत्येकाने जेवढे मीटर वल्हवले, त्यांची बेरीज म्हणजे संघाची कमाई. वेगाची अट नाही. संघ कॉलेजचा असो, व्यायामशाळेचा असो, की आमच्यासारखा नातलग आणि मित्रांचा. आम्ही आठ जण होतो.

आता मशीनच्या पोटात डोकावू. पुढच्या जाळीदार डब्यात पंख्यासारखी पाती असलेलं एक जड चाक असतं. मूठ ओढली की साखळी ते चाक फिरवते. मूठ परत पुढे नेताना साखळी पुन्हा आत जाते, पण चाक उलटं फिरत नाही. सायकलचं पॅडल थांबवलं तरी मागचं चाक पुढेच फिरत राहतं, तसंच. कुंभाराचं चाक आठवा. कुंभार काठीने चाकाला गती देतो, काठी बाजूला ठेवतो आणि चाक आपल्या जडपणाच्या बळावर फिरत राहतं. हळूहळू गती उतरते, तेव्हा तो पुन्हा काठी लावतो. एर्गोवरचा प्रत्येक स्ट्रोक म्हणजे ती काठी. आणि तो घूंऽऽ आवाज म्हणजे पात्यांनी कापलेला वारा.

खरी करामत हात सैल असतानाच्या दीड-दोन सेकंदांत घडते. आपण मूठ पुढे नेत असतो, चाकाला कुणीच जोर देत नसतं. त्या वेळी चाकाला अडवतो तो मुख्यतः वारा. पडद्यामागचा छोटा संगणक चाकाचा वेग किती झपाट्याने उतरतो आहे ते मोजतो. चाक किती जड आहे हे त्याला आधीच ठाऊक असतं. म्हणून वेग उतरण्यावरून तो हिशेब करतो, की या घडीला, या खोलीत, या मशीनवर हवेचा अडथळा नेमका किती आहे. या आकड्याला ‘ड्रॅग फॅक्टर’ म्हणतात. तो दर स्ट्रोकला नव्याने काढला जातो.

याचा अर्थ फार मोठा आहे. जाळीत धूळ साचली, हवा कमी आत आली, अडथळा घटला, तर मशीनला ते कळतं. डब्याच्या बाजूला १ ते १० आकड्यांचा खटका असतो, त्याने किती हवा आत घ्यायची ते ठरतं. पुष्कळ जण १० वर नेऊन ठेवतात आणि आता जास्त मीटर मिळतील असं समजतात. तसं होत नाही, कारण बदललेला अडथळा हिशेबात धरूनच मीटर मोजले जातात. मुंबई समुद्रकाठी, पुणे साडेपाचशे मीटरांहून उंच, आणि लेहची हवा तर कितीतरी विरळ. तिन्ही ठिकाणी चाकाला वेगवेगळा वारा अडवतो, तरी तिन्ही ठिकाणचा मीटर एकाच मापाचा. बाजारातली वजनं ठरावीक काळाने तपासतात. हा तराजू मिनिटाला वीस-पंचवीस वेळा स्वतःला तपासून घेतो.

अडथळा कळला, चाकाचा वेग कळला, की माणसाने किती शक्ती लावली ते वॉटमध्ये कळतं. उरतो शेवटचा प्रश्न: वॉटचे मीटर कसे होतात?

पाण्यावरच्या बोटीचा विचार करा. बोट दुप्पट वेगाने न्यायची, तर दर सेकंदाला दुप्पट पाणी वाटेतून बाजूला सारावं लागतं आणि त्या पाण्याला दुप्पट वेगही द्यावा लागतो. म्हणून अडथळा चौपट होतो. हा चौपट अडथळा दुप्पट वेगाने ढकलायचा, म्हणून शक्ती आठपट लागते. वेग दुप्पट, शक्ती आठपट. वेग तिप्पट, शक्ती सत्तावीसपट. हा घनाचा नियम. हवेत फिरणाऱ्या पात्यांनाही जवळजवळ हाच नियम लागू पडतो. खोलीतला वारा नदीच्या पाण्यासारखा वागतो, म्हणूनच जमिनीवरचं हे चाक हातांना नावेची आठवण देतं.

एर्गोचं सूत्र एका ओळीत मावतं. एक मीटर कापायला किती सेकंद लागले त्याचा घन काढा आणि २.८ ला त्याने भागा. उत्तर वॉटमध्ये येतं. मावशींना ५०० मीटरला ३ मिनिटं लागत, म्हणजे मीटरला ०.३६ सेकंद. त्यांची शक्ती आली ६० वॉट, जुन्या काळच्या पिवळ्या दिव्याएवढी. ५०० मीटर २ मिनिटांत कापायचे तर २०३ वॉट लागतात. आणि २०१८ साली ऑस्ट्रेलियाच्या जोशुआ डंकली-स्मिथने २००० मीटर ५ मिनिटं ३५.८ सेकंदांत पार करून विश्वविक्रम केला, तेव्हा त्याची सरासरी शक्ती या सूत्राने सुमारे ५९० वॉट येते. एका अश्वशक्तीचे जवळजवळ चार पंचमांश, एका माणसाच्या अंगातून, साडेपाच मिनिटं!

हे गणित कागदावर मांडलं तेव्हा मी थबकलो. तो विक्रमवीर मावशींच्या जवळजवळ दहापट शक्ती लावतो, पण त्याचा वेग मात्र मावशींच्या दुपटीहून थोडासाच जास्त भरतो. घनाचा नियम बलवानांकडून जबर किंमत वसूल करतो आणि मंद गतीच्या माणसाला तेच अंतर स्वस्तात देतो. शक्ती दुप्पट केली तर मीटर जेमतेम २६ टक्के वाढतात. वेळ दुप्पट दिला तर मीटर सरळ दुप्पट होतात.

आमच्या संघातलं उदाहरण सांगतो. मावशींचा भाचा सव्वीस वर्षांचा, पिळदार अंगाचा. तो ५०० मीटर १ मिनिट ५० सेकंदांत कापायचा, म्हणजे २६३ वॉट. अर्ध्या तासात त्याचे ८१८० मीटर होत. पण नोकरीच्या धबडग्यात त्याला महिन्यात बाराच दिवस जमलं. त्याची बेरीज झाली सुमारे ९८ हजार मीटर. मावशी २८ दिवस बसल्या, रोज ७५०० मीटर. त्यांची बेरीज २ लाख १० हजार. जवळजवळ साडेचारपट ताकदीच्या माणसाच्या दुपटीहून जास्त! भाच्याने पडद्यावर आकडा पाहिला आणि म्हणाला, “मावशी, तू आम्हा सगळ्यांना मागे टाकलंस गं.” मावशी म्हणाल्या, “अरे, मी कुठे पळाले? मी फक्त रोज आले.”

रोज येण्याचं हे मोल घनाच्या नियमातच लिहिलेलं आहे.

हे यंत्र ज्यांनी घडवलं त्यांची गोष्टही थंडीचीच आहे. डिक आणि पीटर ड्रेसिगॅकर हे भाऊ स्वतः वल्हवणारे; डिक १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये उतरला होता. १९७६ मध्ये त्यांनी कंपनी काढली ती हलकी, मजबूत वल्ही बनवायला. व्हरमाँटमध्ये हिवाळ्यात तळी गोठतात. मग सराव कुठे करायचा? १९८१ मध्ये त्यांनी पहिलं मशीन बाजारात आणलं. त्याचं चाक चक्क सायकलचं होतं, त्यावर वारा अडवायला पाती बसवलेली.

कोरड्या जमिनीवर वल्हवायची कल्पना मात्र पुरातन आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अथेन्सचा नौसेनापती काब्रियास याने नवख्यांना जहाजावर चढवण्याआधी किनाऱ्यावर लाकडी चौकटींवर बसवून वल्हवायला शिकवलं, असं सांगितलं जातं. शर्यतींचा नाद अगदी अलीकडचा. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने बहिष्कार टाकला आणि तयारीत असलेले वल्हेकरी घरीच राहिले. त्यांच्यातल्या काहींनी बोस्टन परिसरात हिवाळ्याचा विरंगुळा म्हणून या मशीनवर शर्यत सुरू केली. तीच पुढे ‘क्रॅश-बी’ नावाने गाजली. २०१८ मध्ये जागतिक रोइंग महासंघाच्या इनडोअर विश्वविजेतेपद स्पर्धा सुरू झाल्या. आणि २०२१ मध्ये महासाथीमुळे सगळे आपापल्या गावी अडकले, तेव्हा ही स्पर्धा ऑनलाइन झाली. मापावर विश्वास होता, म्हणूनच ते शक्य झालं.

महाराष्ट्राला हा खेळ परका नाही. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यात तळेगाव रोही हे पाण्याची टंचाई सोसणारं गाव. तिथला दत्तू भोकनळ वडिलांबरोबर विहिरी खोदायचा. २०१२ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात रोइंगकडे वळला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरीत तो तेरावा आला; २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेतून त्याने भारतासाठी सुवर्णपदक जिंकलं. पाण्यासाठी जमीन खोदणाऱ्या हातांनी पाणीच कापून काढलं. जगभरातल्या वल्हेकऱ्यांप्रमाणे आपल्या खेळाडूंचीही कसोटी एर्गोवर लागते. २००० मीटरची चाचणी हे निवडीचं सर्वमान्य माप आहे.

चौघांच्या नावेत आणि आमच्या जानेवारीच्या संघात एक फरक मात्र आहे. नावेत सगळ्यांची वल्ही एका क्षणी पाण्यात पडावी लागतात. एकाची लय चुकली की चौघांचा वेग मोडतो. बेरजेच्या संघात कुणाचाही मीटर दुसऱ्याच्या मीटरातून वजा होत नाही. थकलेल्या संध्याकाळी कुणी एकच हजार मीटर वल्हवले, तरी संघ तेवढा पुढे जातो. आमच्यातल्या एकीचा गुडघा दुखावलेला होता. ती आठवड्यातून दोनदा, दहा मिनिटंच बसायची. तिचे मीटरही त्याच बेरजेत, त्याच मापाने. महिनाअखेरीस आठ जणांचे मिळून ९ लाख ४० हजार मीटर झाले, म्हणजे ९४० किलोमीटर. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्गही ७०१ किलोमीटरांचाच आहे.

शरीराच्या बाजूनेही हे वल्हवणं न्याय्य आहे. ओढताना आधी पाय रेटतात, मग पाठ मागे झुकते, शेवटी हात मूठ छातीकडे आणतात. परतताना हाच क्रम उलटा. सर्वांत मोठा भार पायांचा, कारण शरीरातले मोठे स्नायू तिथेच आहेत. पाय जमिनीवर आपटत नाहीत, म्हणून सांध्यांना हादरे बसत नाहीत. स्नायू जी ऊर्जा जाळतात त्यातला सुमारे चौथा हिस्साच चाकापर्यंत पोहोचतो. बाकीची उष्णता होते. मावशींचे ६० वॉट चाकात जात, तेव्हा जवळजवळ १८० वॉट त्यांच्या अंगाला ऊब देत होते. जानेवारीच्या पहाटे त्या स्वेटर काढून का बसत, ते मला तेव्हा उमगलं.

तुमच्या गावातल्या व्यायामशाळेच्या कोपऱ्यातही असं एखादं मशीन असेल, बहुधा रिकामंच. गुडघा, कंबर किंवा हृदयाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जाणकाराकडून पाय, पाठ, हात हा क्रम नीट शिकून घ्या. खटका ३ ते ५ वर ठेवा. मग घरातले, शेजारचे, परगावी गेलेले असे चार-सहा जण गोळा करा आणि एक महिना ठरवून बसा. सर्वांत बलवान कोण हे शोधू नका. रोज कोण येईल, ते शोधा. १ जानेवारीच्या पहाटे सगळ्यांचाच आकडा शून्य असतो.