लिंबाच्या झाडालाच नजर?

आमच्या वस्तीतील बुद्धविहाराच्या अंगणात कागदी लिंबाचे एक झाड आहे. गेल्या पावसाळ्यात त्याच्या पानांवर, काड्यांवर आणि हिरव्या लिंबांवर खैरी रंगाचे खरबरीत फोड उठले. पानांवरच्या फोडांभोवती पिवळे कडे. वंदनेला येणाऱ्या एक वयस्क आजी म्हणाल्या, "भाऊ, या निंबूले कोणाची तरी नजर लागली."

मला हसू आवरेना. म्हटले, "आजी, सारा मुलूख निंबू-मिरची टांगून नजर काढते. आता निंबूची नजर काढाले काय टांगाचं?" आजीही हसल्या. पण विहार समितीतले दोघे-तिघे झाड तोडायलाच निघाले होते. मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि मिळेल ते वाचायला बसलो. तथागतांनी कारणाशिवाय कार्य नाही असे शिकवले, तेव्हा या फोडांनाही कारण असलेच पाहिजे.

कारण आहे. शेतकरी याला खैऱ्या रोग म्हणतात, इंग्रजीत कँकर. झँथोमोनास नावाच्या जिवाणूमुळे तो होतो. वाऱ्यापावसाच्या शिंतोड्यांबरोबर हा जिवाणू पानोपानी जातो. पानांवर श्वासासाठी अगदी बारीक छिद्रे असतात, त्यांना पर्णरंध्रे म्हणतात. तिथून किंवा काट्याने, नागअळीने झालेल्या जखमेतून तो आत शिरतो. कागदी लिंबू त्याला लवकर बळी पडते. आपला नागपुरी संत्रा त्या मानाने बराच टिकाव धरतो. डाळिंबावरचा तेल्या आणि कपाशीच्या पानांवरचे कोनाकोनाचे ठिपके ही याच जिवाणूच्या भावकीची करणी आहे.

आता प्रश्न असा, की झाडाला ना रक्त, ना रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ना दवाखान्यात जाण्यासाठी पाय. मग ते लढते कसे? ते लढते निरोप पाठवून. हे निरोप म्हणजे संप्रेरके. मधुमेहाच्या निमित्ताने आपण ज्या इन्सुलिनचे नाव ऐकतो, ते आपल्या शरीरातले संप्रेरक. झाडांनाही त्यांची स्वतःची संप्रेरके असतात, आणि जिवाणूंविरुद्धच्या लढाईत मुख्य आहे ते सॅलिसिलिक आम्ल.

नाव अवघड वाटले तरी ओळख घरातलीच आहे. डोके दुखले की आपण जी ॲस्पिरिनची गोळी घेतो, ती याच आम्लापासून बनते. युरोपात पूर्वी ताप-दुखण्यावर विलो झाडाची साल देत. तिचा नातेवाईक म्हणजे आपल्याकडे नदीकाठी वाढणारा वाळुंज. या झाडांच्या लॅटिन नावावरूनच आम्लाचे नाव पडले. १९७९ साली इंग्लंडमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्रात रेमंड व्हाइट यांनी तंबाखूच्या पानांत ॲस्पिरिनचे पाणी टोचले, तेव्हा ती पाने एका विषाणूरोगाला दाद देईनाशी झाली. १९९० साली दिसले की रोग आला म्हणजे झाड स्वतःच हे आम्ल जास्त बनवते. पुढे १९९३-९४ मध्ये शास्त्रज्ञांनी हे आम्ल नष्ट करणारे जनुक मुद्दाम झाडांत घातले. ती झाडे अगदी निराधार झाली, साध्या रोगालाही बळी पडू लागली.

होते असे. जिवाणू आला की पेशीला त्याच्या अंगावरच्या खुणांवरून तो ओळखू येतो. आम्ल वाढते, पर्णरंध्रे मिटतात, जिवाणूंना मारक प्रथिने तयार होतात. कधी कधी लागण झालेल्या जागेच्या पेशी स्वतःहून मरतात, म्हणजे शत्रूला पुढे जायला वाट उरत नाही. एवढेच नाही, दूरच्या निरोगी पानांनाही खबर जाते आणि ती आधीच सावध होतात. ही खबर नेणारे निरोपे अनेक आहेत. त्यांतला एक याच आम्लापासून बनतो, आणि त्याचा वास तुम्ही घेतलेला आहे. कंबरदुखीच्या मलमाला जो उग्र वास येतो, तोच. तंबाखूवरच्या प्रयोगात हा वास हवेतून शेजारच्या झाडापर्यंत जाऊन त्यालाही सावध करतो असे १९९७ साली आढळले.

मात्र शत्रूही लबाड असतो. झाडाचे दुसरे एक संप्रेरक आहे जस्मॉनिक आम्ल. १९६२ साली चमेलीच्या तेलातून त्याचे एक रूप प्रथम वेगळे केले गेले. ते मुख्यतः पाने कुरतडणाऱ्या किडींविरुद्ध कामाला येते. ही दोन संप्रेरके बहुधा एकमेकांना दाबतात. टोमॅटोवर काळे ठिपके पाडणारा एक जिवाणू नेमके हेच हेरून जस्मॉनिक आम्लाची हुबेहूब नक्कल तयार करतो. झाडाला वाटते अळी आली. ते जिवाणूविरुद्धचा बंदोबस्त सैल करते, मिटलेली रंध्रे पुन्हा उघडतात. मिशिगन राज्य विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी २००६ साली ही फसवणूक उघड केली. मी बी.कॉम. झालेला कारकून. खोट्या सहीची व्हाउचरे पाहिली आहेत, पण एवढी सफाई नाही पाहिली! आमच्या लिंबावरचा जिवाणू निराळी युक्ती करतो. तो पेशीत आपले प्रथिन सोडून तिचेच एक जनुक चालू करतो आणि पेशी फुगवतो. फोड येतो तो त्यामुळे.

मग झाड कायमच सावध का राहत नाही? इथे जमाखर्च आला. बचावावर खर्च झाला की वाढीला कमी उरते. म्हणूनच कोणी ॲस्पिरिन विरघळवून झाडाला घालू नये. जास्त झाले तर पाने करपतात, वाढ खुंटते. याउलट युरिया भरमसाट दिला की लुसलुशीत पालवी फुटते, आणि कोवळी पालवी म्हणजे नागअळीला व खैऱ्याला मेजवानी. आमच्या झाडाला कोणीतरी भक्तिभावाने युरिया ओतत होते, हे चौकशीत कळले.

पूर्वी दुकानदार सरळ स्ट्रेप्टोमायसिनची पुडी काढून देत असे. आपल्या कित्येक घरांत क्षयरोग येऊन गेला आहे. त्यांना हे नाव ठाऊक असेल. क्षयाच्या रोग्याला टोचत असत तेच हे औषध. ते झाडांवर वारेमाप फवारल्याने जिवाणू त्याला सरावतात. माणसांना जगवणारे औषध असे बोथट होऊ देणे मला पटत नाही. आम्ही ताम्रयुक्त बुरशीनाशकावर भागवले. पाऊस उघडल्यावर कोरड्या दिवशी रोगट काड्या कापून जाळल्या, युरिया बंद केला. नवे रोप लावायचे त्यांनी राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची साई सरबती ही जात पाहावी, ती या रोगाला बऱ्यापैकी सोसते. अधिक माहितीसाठी आपल्या अमरावती रोडवरच केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे.

झाड अजून उभे आहे. आजी रोज सकाळी पाने उलटून पाहतात. परवा त्यांना एका कोवळ्या पानावर एकच फोड सापडला. मला हाक मारून म्हणाल्या, "भाऊ, याचा निरोप बाकीच्या पानाइले भेटला असन का?"