गाडीची वार्षिक तपासणी

भाड्याची जीप किंवा मालाचा टेंपो ८ वर्षांचा झाला, म्हणजे त्याचे योग्यता प्रमाणपत्र दर वर्षी नवे करून घ्यावे लागते. परीक्षक ब्रेक, स्टिअरिंग, टायर, दिवे, भोंगा, वायपर पाहतो. विम्याचे व धुराचे कागदही मागतो. दिवा वा भोंगा मिस्त्री तासाभरात दुरुस्त करील. ब्रेकचे तसे नव्हे. लायनर झिजले असल्यास चाके उतरवावी लागतात. म्हणून गाडी पंधरवडाभर आधीच दाखवावी. कित्येक मालक त्या दिवसापुरते चांगले टायर उसने आणून बसवितात, आणि परतताच काढतात! प्रमाणपत्र मिळते खरे. परंतु दुसऱ्याच दिवशी त्या गुळगुळीत टायरांवर शेजाऱ्यांची लेकरे शाळेला जातात. घरच्या मोटारीची तपासणी १५ वर्षांनी, नोंदणी नवी करताना होते.