त्याच डीसीतून १५ टक्के जास्त

कारखान्यातल्या ४१५ व्होल्टच्या मोटरचा ड्राइव्ह आधी तीन फेजच्या विजेची डीसी करतो. आदर्श हिशेबात सुमारे ५८७ व्होल्ट. मग आयजीबीटी हे स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतात. प्रत्येक स्पंद किती रुंद, यावर मोटरला मिळणारी लहर ठरते. साइन लहर त्रिकोणी लहरीशी ताडून ही रुंदी ठरवण्याची पद्धत श्योनुंग आणि श्टेमलर यांनी १९६४ मध्ये मांडली. पद्धत देखणी, पण तिच्यातून लाइन व्होल्टेज जेमतेम ३६० निघते.

यावरचा उपाय मला फार आवडतो. संदर्भाच्या साइन लहरीत तिप्पट वारंवारतेची, एक षष्ठांश उंचीची लहर मिसळायची. मूळ लहरीचे शिखर चपटे होते आणि ती आणखी वाढवायला जागा मिळते. ही भर तिन्ही फेजमध्ये अगदी सारखी असल्याने दोन फेजांमधल्या व्होल्टेजमध्ये ती उरतच नाही! तेवढ्याच डीसीतून १५.५ टक्के जास्त, म्हणजे पुन्हा ४१५. स्पेस व्हेक्टर ही रुंदी ठरवण्याची दुसरी पद्धत वेगळ्या वाटेने याच मर्यादेला पोचते.

स्विचिंग जितके वेगवान, तितका मोटरचा करंट गुळगुळीत. पण प्रत्येक चालू-बंदीत थोडी ऊर्जा वाया जाते आणि हीटसिंक तापतो. त्यामुळे मोठे ड्राइव्ह सहसा काही किलोहर्ट्झवरच थांबतात.

घरातल्या जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरमध्ये ही रुंदीची कारागिरी नसते. त्याच्या लहरीत तिसरी हार्मोनिक, म्हणजे तिप्पट वारंवारतेची लहर, मूळ लहरीच्या ३३ टक्के असते, म्हणून त्यावर पंखा घुं घुं करतो.