पोस्टरवर नजर आधी कुठे जाते?

चालत्या बसच्या खिडकीतून पोस्टर जेमतेम दोन क्षण दिसतं. तेवढ्यात सिनेमा कसला, त्यात कोण आणि तो का पाहायचा, हे सगळं पोहोचवायचं असतं. आपल्या चित्रकारांनी त्यासाठी आधी आकार हाताशी धरला.

पोस्टर रंगवण्याच्या आपल्या परंपरेचा मोठा धागा कोल्हापूरचा. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या बाबूराव पेंटरांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि आपल्या चित्रपटांची पोस्टरंही रंगवली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’चं (१९२४) पोस्टर उपलब्ध सचित्र भारतीय पोस्टरांपैकी सर्वांत जुनं मानलं जातं. शेवटच्या रांगेतल्या माणसाला दिसायला आकार केवढा हवा, हे पडदे रंगवणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. पुढे कोल्हापूरच्याच जी. कांबळे यांनी व्ही. शांतारामांच्या चित्रपटांची आणि ‘मुघल-ए-आझम’ची (१९६०) पोस्टरं रंगवली.

आकारानंतर येते रेषा. ‘मदर इंडिया’च्या (१९५७) गाजलेल्या प्रतिमेत नर्गिसच्या खांद्यावर नांगराचं लाकूड तिरकं आहे. उभी रेषा स्थिर वाटते, आडवी निवांत. तिरकी रेषा मात्र डोळ्याला स्वस्थ बसू देत नाही. लाकडाचं वजन आणि बाईची जिद्द त्या एका तिरकेपणातून कळते. कथा माहीत नसली तरी चालतं.

सत्तरच्या दशकात दिवाकर करकरे यांनी रंगालाच बोलतं केलं. ‘दीवार’, ‘अमर अकबर अँथनी’ ही त्यांची कामं. त्या काळी फोटो मोठा करून त्यावर तैलरंग चढवत. दिवाकरांच्या कामात पॅलेट नाइफनं मारलेले रंगाचे जाड फटकारे दिसतात. जवळून पाहिलं तर गालावर निळा, कपाळावर तांबडा, कडेला पिवळा, नुसते तुकडे. चार पावलं मागं सरकलं की तेच तुकडे संतापलेला चेहरा होतात. गुळगुळीत फोटोत नटाचं रूप येतं, त्याची धग येत नाही. मला हे काम आपल्या पोस्टरकलेचं शिखर वाटतं.

याच्या अगदी उलट वाट सत्यजित राय यांची. ‘देवी’च्या (१९६०) पोस्टरवर शर्मिला टागोरचा एकच चेहरा, अर्धा उजळ, अर्धा काळोखात. माणूस आणि देवी यांच्यात फाटलेली मुलगी सांगायला त्यांना आणखी काही लागलं नाही.

संगणक आल्यापासून चेहऱ्यांची गर्दी वाढली. सगळेच मोठे, मग मोठं कोण? नजर टेकायला जागाच उरत नाही. रिकामी जागा म्हणजे वाया गेलेला पैसा, ही निर्मात्यांची समजूत पोस्टरांना फार महागात पडली आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुनी पोस्टरं जपलेली आहेत. उपयोजित कलेच्या विद्यार्थ्यांना ती मूळ आकारात दाखवायला हवीत, कारण मोबाइलच्या पडद्यावर दिवाकरांचा फटकारा दिसत नाही.