मांजराचा चौक

पोतोसीत पहिला दिवस चौकात बसूनच काढावा लागतो. बोलिव्हियातले हे शहर चार हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे. दहा पायऱ्या चढल्या की धाप लागते आणि कोकाच्या पानांचा काढा पिऊनही डोके ठणकत राहते. त्यामुळे 'प्लासा दिएस दे नोव्हिएंब्रे', म्हणजे १० नोव्हेंबरचा चौक, मी आधी एका बाकावरूनच पाहिला. समोर कॅथेड्रल. जुने चर्च १८०७ मध्ये कोसळले आणि त्याच जागी हे उभे राहिले. सभोवार जुन्या सरकारी इमारती आहेत, मध्ये झाडे आहेत आणि स्वातंत्र्यदेवतेचा एक छोटा पुतळाही आहे. गल्लीच्या टोकाशी घरांच्या छपरांवर तांबूस रंगाचा सुळका दिसतो. तोच सेरो रिको, श्रीमंत डोंगर. केचुआ भाषेत त्याचे नाव सुमाक ओर्को, सुंदर डोंगर. स्पॅनिश माणसांना त्याची श्रीमंती दिसली, इथल्या माणसांना त्याचे रूप.

चौकाचे नाव १८१० च्या उठावावरून पडले. १० नोव्हेंबरला शहराने स्पॅनिश राज्यपालाला कैद केले आणि डिसेंबरात याच चौकात त्याला गोळ्या घातल्या. इथले दगड बोलतात ते या घटनेबद्दल. त्याआधीच्या अडीच शतकांबद्दल ऐकायचे असेल तर चौक सोडून चार पावले चालावे लागते.

तिथे 'कासा दे ला मोनेदा' आहे, म्हणजे टांकसाळ. पहिली टांकसाळ १५७२ मध्ये मुख्य चौकालगतच बांधली होती. आज उभी आहे ती दुसरी. १७५९ ते १७७३ अशी चौदा वर्षे तिचे काम चालले आणि दहा लाख पेसोंहून अधिक खर्च झाला. किल्ल्यासारख्या जाड भिंती आणि दोनशेच्या आसपास खोल्या. आत चांदीच्या कांबी चपट्या करणारी लाकडी यंत्रे अजून आहेत. दातेरी चाके माणसाहून उंच. वर यंत्र, खालच्या मजल्यावर ते फिरवणारी खेचरे. ही यंत्रे स्पेनहून समुद्रमार्गे आणि मग खेचरांच्या पाठीवरून इथवर आली. अशा खोलीत उभे राहिले की सत्तेला चांदीची किती निकड होती हे हिशेबाच्या वह्या न उघडताच कळते.

मला खिळवून ठेवले ते टांकसाळीखालच्या जमिनीने. ही इमारत जिथे बांधली त्या जागेला पूर्वी 'प्लासा देल गातो' म्हणत. स्पॅनिशमध्ये गातो म्हणजे मांजर. पण मांजराचा इथे काही संबंध नाही. मूळ शब्द केचुआतला 'कातू', म्हणजे बाजार. परक्या कानांनी तो ऐकला आणि बाजाराचे मांजर झाले.

या शहरातल्या कातूंमध्ये बसत त्या मुख्यतः बायका. कोका, मका, चिचा नावाची मक्याची दारू, शिवाय चांदीचा कच्चा दगडसुद्धा. खाणीत राबणारा माणूस चांगल्या दगडाचा एखादा तुकडा आपला हक्क म्हणून बाहेर आणी आणि त्याच्या घरची बाई तो बाजारात मांडी. खाणमालक त्याला चोरी म्हणत. पण तो दगडही शेवटी वितळून चांदीच होई आणि चांदी झाली की राजाचा पाचवा हिस्सा आलाच. म्हणून तक्रारी होत राहिल्या आणि बाजारही चालत राहिला. सिएसा दे लेओन हा बखरकार १५४९ मध्ये इथे आला तेव्हा खाण लागून जेमतेम चार वर्षे झाली होती. एका दिवसाची उलाढाल त्याने २५ ते ३० हजार पेसो सांगितली आहे.

सुरुवातीची चांदी वितळवण्याचे तंत्रही इथल्याच लोकांचे. डोंगरउतारावर 'वायरा' नावाच्या छोट्या मातीच्या भट्ट्या मांडत. वायरा म्हणजे वारा. भाता नाही, वाऱ्यावरच निखारा फुलायचा. रात्री सारा डोंगर हजारो ठिणग्यांनी उजळत असे. भारी दगड संपत आला तशी ही पद्धत मागे पडली. १५७० च्या दशकात स्पॅनिश व्हाइसरॉय तोलेदोने पेरूतल्या वांकाव्हेलिकाचा पारा आणून हलक्या दगडातून चांदी काढायची पद्धत बसवली आणि तिच्यासाठी माणसे पुरवणारी 'मिता'ही बसवली.

मिता या शब्दाचा अर्थ पाळी. इंका राज्यात ती रस्ते-शेतीच्या कामाची पाळी होती, तोलेदोने ती वेठ केली. सोळा प्रांतांतल्या प्रौढ पुरुषांपैकी सातवा हिस्सा, वर्षाला साडेतेरा हजारांच्या घरात माणसे. तितिकाका सरोवराकाठच्या चुकुइतोहून निघणाऱ्या तांड्याचे एक जुने वर्णन आहे. बायकामुलांसह सात हजार माणसे, सोबत लामांचे कळप, दोन महिन्यांची चाल. रोजी ठरली साडेतीन रेआल. आठ रेआलांचा एक पेसो. त्या रोजीतून काळोखातली मेणबत्तीसुद्धा मजुरालाच विकत घ्यावी लागे. १८१२ मध्ये स्पेनमधल्या कादिसच्या संसदेने ही पद्धत रद्द करीपर्यंत पाळी फिरत राहिली.

इथे आपल्याकडचा धागा येतो. भारतात चांदीच्या खाणी जवळजवळ नव्हत्या, मुघलांचा रुपया मात्र चांदीचा. ती चांदी बाहेरून यायची आणि तिचा मोठा वाटा स्पॅनिश अमेरिकेचा होता. लिस्बनची जहाजे आठ रेआलांची नाणी गोव्यात उतरवत, तांबड्या समुद्राकडून आणि युरोपीय कंपन्यांच्या गलबतांतून ती सुरतेला येत. परके नाणे मुघल राज्यात चलन म्हणून चालत नसे. सराफ त्याचा कस पाहत आणि ते टांकसाळीत वितळवले जाई. एका पेसोत सुमारे २७ ग्रॅम वजन, म्हणजे दोन रुपयांहून थोडी जास्तच चांदी. वितळल्यावर स्पेनच्या राजाची छाप पुसली जायची आणि फारसी अक्षरे उमटायची. सतराव्या शतकात दख्खनच्या बाजारांत हातोहात फिरलेल्या रुपयांपैकी नेमक्या कोणत्या नाण्यात या डोंगराची चांदी होती हे आता कोणत्याही पारख्याला ओळखता येणार नाही. पण ती त्यात होती. चुकुइतोहून पायी आलेल्या माणसाचे श्रम आपल्या पणज्यांच्याही पूर्वजांच्या कनवटीला होते, हे त्या टांकसाळीत उभे राहून मला प्रथमच नीट उमगले आणि बराच वेळ तिथून हलवेना.

टांकसाळीतल्या चित्रांत अठराव्या शतकातले एक अनामिक चित्र आहे. त्यात मेरीचे अंग म्हणजेच सेरो रिको. तिचा झगा डोंगराच्या आकाराचा आणि त्यावर वाटा, माणसे, जनावरे. चर्चला त्यात देवमाता दिसली असेल. पण डोंगराला आई मानणाऱ्या केचुआ माणसाला त्यात पाचामामा, म्हणजे धरणीमाता, दिसल्याशिवाय राहिली नसणार.

डोंगर आजही पोखरला जातो आहे. २०११ मध्ये शिखराजवळचा भाग खचला. १९८७ पासून जागतिक वारसा असलेले हे शहर २०१४ मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत गेले. तरी सहकारी संस्थांचे खाणकामगार गालात कोकाची पाने धरून रोज आत जातात. आता चांदी थोडी, जस्त आणि कथील जास्त.

संध्याकाळी पुन्हा चौकाकडे निघालो. टांकसाळीच्या भिंतीला टेकून गोल टोपी घातलेली एक म्हातारी उकडलेले दाणे विकत होती. मी एक पुडी घेतली. नाणे तिने उजेडाकडे धरून पाहिले, पदरासारख्या कापडात बांधले आणि पुढच्या गिऱ्हाइकासाठी माप भरले.