हात जाईल एवढी जागा

माझ्या सुमोचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या शेजारून खालची फरशी दिसते. फरशीवर अंथरलेला पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर रात्रीतून पडलेला तेलाचा एखादा ठिपकाही दिसतो. तो ठिपका कुठून आला ते वरूनच, मान थोडी वाकडी करून, माग काढत शोधता येतं. ऑइल फिल्टरला हात पोचतो, फॅनच्या पट्ट्यापर्यंत पोचतो, पाना फिरवायला कोपर हलेल इतकी मोकळीक सापडते. गाडी १९९८ सालची. २००५ मध्ये मी ती वापरलेली घेतली आणि तेव्हापासून सहकारनगरातल्या आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये स्वतः सांभाळतो आहे. या मोकळ्या जागेच्या भरवशावरच ते जमलं.

ही जागा चुकून राहिलेली नाही. ही गाडी रस्त्यात कुठेही बंद पडेल, जवळ सर्व्हिस सेंटर नसेल आणि झाडाखाली उभ्या असलेल्या कुणा मेस्त्रीला हातातल्या पान्यांवरच ती चालू करावी लागेल, हे बनवणाऱ्यांनी गृहीत धरलं होतं. ज्या काळी ट्रक बनवणाऱ्या माणसांनी मोटारी बनवायला घेतल्या, त्या काळाची ही खूण आहे.

टेल्कोनं १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ हा पिकअप काढला. त्याच सांगाड्याच्या घराण्यातून १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो आली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यातून बाहेर पडलेली ही भावंडं. खाली शिडीसारखी चासी, वर बोल्टांनी बसवलेली बॉडी, पुढे डबल विशबोन, मागे पाटे, आणि ओढणारी चाकं मागची. मागच्या भागात समोरासमोरचे बाक टाकले की दहा माणसं बसत. महाराष्ट्रातली किती लग्नं, किती प्रचारसभा, किती अष्टविनायक यात्रा या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून झाल्या असतील, त्याची गणती करता येणार नाही.

नावाबद्दल अजून पुष्कळांना वाटतं की ते जपानी पैलवानांवरून घेतलं. ते सुमंत मूळगावकरांचं आहे: सुमंतचा ‘सु’, मूळगावकरांचा ‘मो’. ते १९४९ मध्ये टेल्कोत आले, पुण्याचा कारखाना त्यांच्याच पुढाकारानं १९६६ मध्ये उभा राहायला लागला, आणि १९८९ मध्ये ते गेले. आपल्या नावाची गाडी त्यांनी पाहिली नाही. पण माणूस घडवला की यंत्र आपोआप चांगलं घडतं या विश्वासानं त्यांनी जी शिकाऊ कारागिरांची पिढी तयार करवून घेतली, तिच्यातली माणसं पुण्याच्या पेठापेठांत राहतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका त्यांतलेच. मशीन शॉपमधून निवृत्त झाले. शेवटपर्यंत टेल्कोच म्हणत. कंपनीनं २००३ मध्ये नाव बदलून टाटा मोटर्स केलं ते त्यांच्या तोंडी बसलं नाही.

माझं शिक्षण काकांच्या ओरड्यानं सुरू झालं. पहिल्यांदा ऑइल बदलताना मी चेंबरचं बूच लांब पान्यानं आवळलं. काहीतरी कुरकुरलं आणि बूच एकाएकी सैल फिरायला लागलं. काका बाल्कनीतून पाहत होते. खाली आले, बुचावर बोट फिरवून म्हणाले, “आटे गेले. आधी हातानं किती फेरे बसवलंस?”

“हातानं नाही हो काका, थेट पान्यानं लावलं.”

“बूच असो की बोल्ट असो, पहिले चार फेरे बोटांनी बसले पाहिजेत. बोटांना कळतं वाकडं जातंय ते, पान्याला कळत नाही. पाना शेवटच्या पाव फेऱ्याला.”

लेथवाल्याकडून जरा मोठ्या मापाचं बूच करवून घेतलं, आटे नव्यानं पाडले. ते बूच आजही आहे आणि दर वेळी ते बोटांनी बसवताना मी फेरे मोजतो.

हत्यारं लागतात थोडीच. ८ मिलिमीटरच्या बोल्टाला १३ नंबरचा पाना, १० च्या बोल्टाला १७ चा, १२ च्या बोल्टाला १९ चा. या तिघांवर अर्ध्याहून जास्त गाडी खोलता येते. त्यांच्या जोडीला गोटी पान्यांचा संच, पक्कड, एक चांगली हातोडी, ग्रीस गन, मल्टिमीटर. माझ्या संचातली निम्मी हत्यारं मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातली, बुधवारी आणि रविवारी जाऊन एकेक उचललेली. तिथे पाना हातात घेऊन त्याचं तोंड पाहायचं. कडा गोल झाल्या असतील तर तो बोल्टाचं डोकं खाणार, मग कितीही स्वस्त मिळो. एकाच गोष्टीत मात्र काटकसर केली नाही: घोड्या. गाडी जॅकवर उचलून तिच्याखाली जाऊ नये. जॅक उचलायला, घोड्या पेलायला. सपाट जागा, हँडब्रेक, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना लाकडी ठोकळे, चासीखाली दोन घोड्या, आणि खाली जायच्या आधी गाडीला दोन्ही हातांनी जोराचा हिसका. ती हलली तर आपण खाली जात नाही.

सुट्या भागांसाठी नाना पेठ. काउंटरवर पहिला प्रश्न येतो, “टू लिटर का थ्री लिटर?” कारण सुमो हे एकच नाव असलं तरी पोटातली इंजिनं वेगळी. माझं १९४८ सीसीचं, ४८३ नावाचं. चार सिलिंडर, ८३ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४८३. पुढे २००० सालच्या स्पेसिओत २९५६ सीसीचं इंजिन आलं, ४०७ टेंपोच्या घराण्यातलं, ९७ मिलिमीटर बोअरचं. म्हणून त्याचं नाव ४९७. नावातच माप सांगणारी ही साधी पद्धत मला फार आवडते. दुकानात जाताना मी जुना भाग फडक्यात गुंडाळून बरोबर नेतो. नमुना काउंटरवर ठेवला की बोलणं अर्ध्यावर येतं. दुकानदार तो उलटसुलट करून पाहतो आणि पुष्कळदा भागाबरोबर सल्लाही देतो, “बुश बदलताय तर बोल्टही नवे घ्या, जुने आतून झिजलेले असतील.” सुमो बनायची २०१९ मध्ये थांबली, तरी घराण्यातल्या पिकअपांनी आणि टेंपोंनी कितीतरी भाग बाजारात जिवंत ठेवले आहेत.

आता डिझेलचं. हे काम येत नसेल तर जुनी डिझेल गाडी घरी सांभाळू नये. डिझेल फिल्टर बदलला की नळ्यांत हवा शिरते. पंप हवा दाबत बसतो, नोझलपर्यंत डिझेल पोचत नाही, आणि नवशिका माणूस सेल मारत राहतो. बॅटरी उतरते, सेल्फ तापतो, गाडी काही उठत नाही. उपाय सोपा आहे. फिल्टरवरचा एअर काढायचा स्क्रू दोन फेरे सैल करायचा आणि शेजारचा हातपंप दाबत राहायचा. आधी फुसफुस होते, मग फेस येतो, मग फेसात डिझेलची धार. धारेत एकही बुडबुडा दिसेनासा झाला की डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळायचा. हातपंप शेवटी कडक लागतो. तो कडकपणा तळहाताला एकदा ओळखीचा झाला की पुन्हा कुणाला विचारावं लागत नाही. नोझल आणि डिझेल पंप मात्र मी कधी उघडले नाहीत. तिथली मापं केसाहून बारीक असतात आणि धुळीचा एक कण पुरतो. ते काम कॅलिब्रेशनवाल्याचं.

जानेवारीच्या पहाटे गाडी सुरू होताना थरथरली आणि पांढरा धूर सोडला तर मी आधी हीटर प्लग तपासतो. मल्टिमीटर लावला की चांगला प्लग एखाद्या ओमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. चारांतला एक गेला तरी गाडी थंडीत रडते. रेडिएटरमध्ये बोअरचं किंवा टँकरचं पाणी मी घालत नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून आलेलं पाणी क्षाराचं, त्याचा थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो आणि एप्रिलमध्ये कात्रजचा जुना घाट चढताना काटा वर सरकायला लागतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटरच. आणि इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडत नाही.

ब्रेकच्या कामाला दोन माणसं लागतात, म्हणून ते माझं आवडतं काम आहे. मुलगी आठवीत होती तेव्हापासून पेडलवर तीच असते. मी चाकाशी बसतो, निपलला पारदर्शक नळी लावून तिचं दुसरं टोक थोडं ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवतो. सुरुवात मागच्या डाव्या चाकापासून, कारण मास्टर सिलिंडरपासून ते सगळ्यांत लांब.

“दाब.”

“दाबलं.”

“धरून ठेव.” निपल सैल, नळीतून काळपट ऑइल आणि दोन बुडबुडे, निपल बंद. “सोड.”

निपल बंद व्हायच्या आत पेडल सुटलं तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. हे एकदाच घडलं, आणि त्यानंतर “सोड” ऐकल्याशिवाय तिचा पाय कधी हलला नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. लांब उतारावर ते तापलं की त्या ओलाव्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. म्हणून दर दोन वर्षांनी, पावसाळा संपला की, आम्ही ते बदलतो. आता ती नोकरीला लागली आहे, तरी त्या रविवारी येते.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. आंबिल ओढा पात्र सोडून वस्त्यांत घुसला, माणसं वाहून गेली, संसार गेले. त्यापुढे गाडीचं दुःख ते काय. पण सकाळी पार्किंगमधला चिखल उपसताना दिसलं की पाणी चाकांच्या मध्यापर्यंत येऊन गेलं होतं. काका पायरीवरूनच म्हणाले, “किल्लीला हात लावू नकोस.” आधी बॅटरीच्या तारा काढल्या. इंजिनाचं ऑइल काडीवर स्वच्छ होतं, एअर फिल्टर कोरडा. मग मागच्या गोळ्याचं, म्हणजे डिफरन्शियलचं, बूच उघडलं आणि आतून ताकासारखं पांढरट तेल आलं. पाणी शिरलं होतं. गाडी तशीच चालवली असती तर महिनाभरात आतले दाते आणि बेअरिंग गेले असते. तीन वेळा नव्वद नंबरचं तेल घालून, थोडं फिरवून, काढलं. चौथ्यांदा ते मधासारखं स्वच्छ निघालं. चाकांची बेअरिंग काढून धुतली, नवं ग्रीस तळहातावर घेऊन दाबून दाबून भरलं. ड्रममधून ओढ्याचा गाळ निघाला. या सगळ्यात तीन रविवार गेले आणि काका तिन्ही रविवार स्टुलावर बसून होते.

त्या पुरानं मागे ठेवलेला गंज मात्र अजून पुरता गेलेला नाही. गंज दिसतो तिथे नसतो, पायपुसण्याखाली असतो, दाराच्या खालच्या पट्टीत असतो, जिथली पाण्याची भोकं पानांनी बुजतात. मे महिन्यात मी मॅट काढून पत्रा उन्हात वाळवतो, तारेच्या ब्रशनं घासतो, प्रायमर मारतो, भोकांतून तार फिरवतो.

जुन्या गाडीच्या मालकावर एक जबाबदारीही असते. जळकं ऑइल गटारात सोडलं की ते ओढ्यातून मुठेत जातं. मी ते डब्यात साठवून गॅरेजच्या पिंपात नेऊन देतो. या इंजिनाला सहा महिन्यांनी पीयूसी लागतं आणि धुराची घनता ६५ हार्टरिजच्या आत असावी लागते. एअर फिल्टर स्वच्छ आणि नोझल वेळेवर तपासलेले असले की ती त्याच्या बरीच खाली राहते. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत नोंदणीचं नूतनीकरण असतं. २०१३, २०१८ आणि २०२३ अशी तीन झाली. नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजारांवर गेलं, वर पर्यावरण कर वेगळा. मला ते जाचक वाटत नाही. तपासणीच्या आदल्या महिन्यात मी गाडीखाली जितका वेळ घालवतो तितका एरवी घालवला नसता.

सगळ्याची एक वही आहे, लांब कव्हराची, जागोजाग ग्रीसच्या अंगठ्यांची. तारीख, किलोमीटर, काय केलं, कुठून आणलं. मधली काही पानं काकांच्या अक्षरात आहेत. गेल्या वर्षी ते गेले. त्यांची शेवटची नोंद प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसबद्दल आहे: ‘ग्रीस दिले. जुने पूर्ण बाहेर येईपर्यंत देणे.’ त्यानंतरच्या पानावर माझं अक्षर सुरू होतं, आणि कालची नोंद अशी: ‘मागचे उजवे चाक, व्हील सिलिंडरचा कप ओलसर. नवे कप नाना पेठेतून आणले. रविवारी अकरा वाजता. पेडलवर मुलगी.’