काठवटीला लागणारा लेथ

आणे गावच्या रंगदास स्वामींच्या यात्रेत आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. आमटी मोठ्या कढयांत रटरटते, भाकरी घराघरांतून येतात. ज्या लाकडी काठवटीत पूर्वी भाकरीचं पीठ मळायचे, ती आता जुन्या वस्तूंच्या दुकानात जास्त दिसते. दोन फुटी काठवट हातानं कोरून काढता येते. पण ती कातायची असेल, तर नेहमीचा लेथ हात टेकतो.

लेथ विचारला की दुकानदार फूट सांगतो: चार फुटी, सहा फुटी. ती बेडची लांबी. मल्लखांब कातायला ती हवीच. खांब उंच, पण बुडाशी घेर ५५ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे व्यास जेमतेम साडेसतरा. सहा इंच सेंटर हाइटवर तो आरामात फिरतो. काठवटीचं उलटं. बेड दोन फुटांचा चालेल, पण स्पिंडलचं केंद्र बेडपासून बारा इंचांहून वर हवं, नाहीतर काठ बेडला अडतो. काही लेथांवर हेडस्टॉकच्या बाहेरच्या बाजूलाही फेसप्लेट बसते. तिथे बेडची अडचणच नाही, फक्त हत्यार टेकायला वेगळा जड स्टँड लागतो.

मग वजन. दोन फूट व्यासाचा, आठ इंच जाडीचा आंब्याचा ओला तुकडा पन्नास किलोच्या घरात जातो, आणि तो सगळीकडे सारखा भरीव कधीच नसतो. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला तर वजन चौपट, पण जडत्व सोळापट. हलका लेथ अशा तुकड्याबरोबर जागा सोडून चालायला लागतो. म्हणून ओतीव लोखंडाचा, काँक्रीटमध्ये बोल्टनं जखडलेला सांगाडा घ्यावा. मोटरचे हॉर्सपॉवर मला त्यापुढे दुय्यम वाटतात.

वेगाचं गणित तर घाबरवणारं. मिनिटाला १००० फेरे असताना दहा इंची वाडग्याचा काठ ताशी ४८ किलोमीटरनं पळतो, दोन फुटी काठवटीचा जवळजवळ ११५. सुरुवात दोन-अडीचशे फेऱ्यांवर, तीही कोपरे कुऱ्हाडीनं उडवल्यावरच. गावात घरगुती वीज सिंगल फेज. तिच्यावर व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग बदलणारं उपकरण, लावून दोन हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटर चालते आणि वेग बटणावर येतो. तरी पायऱ्यांची पुली असलेलाच लेथ घ्या. नुसत्या व्हीएफडीनं वेग उतरवला की मोटरची शक्तीही उतरते, आणि पटाशी रुतली की पट्टा नुसता उभा राहतो.

लाकूड निवडताना गाभा टाळावा लागतो, कारण तडा तिथूनच जातो. म्हणजे दोन फुटी काठवटीला त्याहून जाड ओंडका, तोही मधोमध उभा चिरलेला. ओला असतानाच ढोबळ कातून भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्श्याइतकी, अडीचेक इंच, ठेवायची आणि सावलीत महिनोन्महिने वाळू द्यायची. वाळताना ती लंबगोल होते. तीच पुन्हा लेथवर चढते, आणि पहिले काही फेरे पटाशी फक्त दोन बाजूंनाच लागते.